घरभाड्याचा हिशेब आणि संगणक

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं पेढीवर वह्यांची पूजा करण्याची चाल अजून मोडलेली नाहीं. फरक पडला आहे तो इतकाच कीं, पाटावर लाल बांधणीच्या वहीशेजारीं, आणि कित्येक ठिकाणीं तर वहीच्या जागींच, आतां संगणक येऊन बसला आहे. त्याच्या झाकणावर हळदकुंकवाचीं बोटें उमटतात आणि दुसऱ्या दिवशीं तीं कशीं पुसावीं याची चिंता घरांतील तरुण मंडळी करीत बसतात. वहीची जागा यंत्रानें घेतली यांत खेद मानण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु वही विकत घेतांना कोणी फारसा विचार करीत नसे. वही कोरी असे, आणि तिच्यांत काय लिहावयाचें हें लिहिणाऱ्याला ठाऊक असे. हिशेबाचें सॉफ्टवेअर तसें कोरें नसतें. तें कोणीतरी, कोणत्यातरी धंद्याकरितां, कोणत्यातरी देशाच्या कायद्याला धरून आधींच आखलेलें असतें. त्या आखणींत आपला धंदा बसतो कीं नाहीं, हें पैसे भरण्यापूर्वीं पाहावें लागतें.

कारखानदार, किराणा दुकानदार, औषधविक्रेता यांच्या गरजा ध्यानांत घेऊन रचलेलीं सॉफ्टवेअरें पुष्कळ आहेत. ज्यांनीं दोन-चार सदनिका किंवा दुकानांचे गाळे विकत घेऊन ते भाड्यानें दिले आहेत, अशा मध्यमवर्गीय गृहस्थांची स्थिति मात्र निराळी आहे. त्यांच्याजवळ विकावयाचा माल नाहीं, गोदाम नाहीं, रोजची गर्दीहि नाहीं. महिन्याला आठ-दहा नोंदी होतात. एवढ्यासाठीं यंत्र कशाला, असें त्यांना वाटतें आणि बँकेचें पासबुक हाच आपला हिशेब असें ते धरून चालतात. या समजुतीनें काय होतें हें पाहण्यासाठीं पुण्यांतील एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें.

वडिलांनीं नोकरी सांभाळून तीस वर्षांत तीन सदनिका आणि भर वस्तींतील एक दुकान घेतलें. ते वारल्यावर ही मिळकत दोघां मुलांच्या नांवें निम्मी-निम्मी झाली. थोरले पुण्यांत राहतात, धाकटे नाशकास. भाडीं दोघांच्या संयुक्त खात्यांत जमा होत, थोरले खर्च भागवीत, आणि वर्षाअखेर जें उरे त्याचे दोन सारखे वांटे होत. सहा वर्षें हें निर्वेध चाललें. मग दुकानाच्या भाडेकरूनें मुदत संपतांच जागा सोडली आणि आपली सहा लाखांची अनामत परत मागितली. खात्यांत दीड लाख होते.

धाकट्यांनीं फोन केला. "दादा, ते सहा लाख गेले कुठें?" प्रश्न सरळ होता. पण थोरल्यांनीं तो प्रश्न म्हणून न ऐकतां आरोप म्हणून ऐकला, आणि त्यांच्याजवळ दाखविण्यासारखें पासबुकाखेरीज कांहीं नव्हतें. पासबुकांत रक्कम दिसते, तारीख दिसते; ती रक्कम कोणाची, हें दिसत नाहीं. दोघां भावांनीं दोन महिने एकमेकांशीं बोलणें टाकलें. भाडेकरूच्या वकिलाचें पत्र येऊन पडलें तें निराळेंच.

धाकट्यांची मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर. तिनें बापाची परवानगी न विचारतां पुण्याची गाडी धरली आणि काकांच्या घरीं चार दिवस राहून बँकेचीं सहा वर्षांचीं विवरणपत्रें एका बाजूनें वाचून काढलीं. शोध लागला तो असा : अनामत जमा झाली त्या वर्षीं वांटणीची रक्कम नेहमीपेक्षां पांच लाखांनीं जास्त होती. उरलेले एक लाख रंगकामांत व नळदुरुस्तींत गेले होते. म्हणजे अनामतींतले अडीच लाख नाशिकच्या घरींच पोहोंचले होते. त्या वर्षीं धाकट्यांनीं नवी मोटार घेतली होती, आणि भाडीं बरीं येताहेत म्हणून दादांचें कौतुकहि केलें होतें.

चूक कोणाच्या नीतीची नव्हती. ती नोंदीची होती. अनामत हें उत्पन्न नव्हे, तें देणें आहे. ती रक्कम बँकेंत आली म्हणून आपली झाली असें नाहीं. दुहेरी नोंदीच्या पद्धतींत तिच्यासाठीं देण्याच्या बाजूला भाडेकरूच्या नांवाचें स्वतंत्र खातें उघडावें लागतें आणि तो जागा सोडून जाईपर्यंत तें खातें मिटत नाहीं. ही पद्धत लुका पाचोली या इटालियन साधूनें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या गणिताच्या ग्रंथांत मांडली. व्हेनिसचे व्यापारी ती त्यापूर्वींच वापरीत होते. आपल्याकडे जमा आणि नांवें, कीर्द आणि खतावणी हे शब्द ज्यांच्या कानांवरून गेले आहेत, त्यांना यांत नवीन कांहीं वाटणार नाहीं. म्हणून सॉफ्टवेअर दाखविण्यास येणाऱ्या विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा : "अनामत कोठें लिहावयाची?" त्यानें "इतर जमेंत टाका" असें उत्तर दिलें तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

दुसरी भानगड याच चार दिवसांत वर आली. दुकानाचें भाडें महिना १,२०,००० रुपये ठरलें होतें. बँकेंत मात्र दरमहा १,०८,००० येत. थोरल्यांनीं तेवढेंच भाडें म्हणून धरलें आणि तेवढेंच दोघांच्या प्राप्तिकराच्या विवरणांत गेलें. भाडेकरू ही एक कंपनी होती. कायद्याप्रमाणें ती इमारतीच्या भाड्यांतून दहा टक्के कर उगमींच कापून सरकारांत भरी. म्हणजे दर भावाच्या ६०,००० रुपयांच्या हिश्शांतून ६,००० कापले जात. या कापलेल्या कराचा तपशील ज्याच्या त्याच्या पॅन क्रमांकावर आयकर खात्याच्या वार्षिक विवरणांत दिसत असतो. तेव्हां खात्याच्या दप्तरीं भाडें १४,४०,०००, आणि भावांच्या हिशेबीं १२,९६,०००. वर्षाला १,४४,००० रुपयांची तफावत! शिवाय कापला गेलेला कर हें सरकारकडून वळतें करून घेण्याचें येणें असतें, तेंहि कोणी मागितलें नव्हतें. जें सॉफ्टवेअर ही नोंद तीन पायांवर करूं देतें, म्हणजे भाडें पुरें जमा, बँकेंत आलेलें निराळें आणि कापलेला कर सरकारकडे येणें, तें या धंद्यास लायक. ज्यांत एका पावतीस एकच आंकडा लिहितां येतो, तें दिसावयास कितीहि गोजिरें असो, या कामाचें नाहीं.

येथें जाणाऱ्याजाणाऱ्या एक गोष्ट सांगावयास हवी. वस्तु व सेवा कराच्या बाबतींत दोघे भाऊ नोंदणीच्या मर्यादेच्या आंत होते, कारण सेवा देणाऱ्यास ती मर्यादा सर्वसाधारणपणें वर्षाला वीस लाखांची आहे. परंतु ही मर्यादा मोजतांना राहण्याच्या घरांचें करमुक्त भाडेंहि दुकानाच्या भाड्यांत मिळवावें लागतें, हें पुष्कळांना माहीत नसतें. शिवाय १० ऑक्टोबर २०२४ पासून, मालक नोंदणीकृत नसून व्यापारी जागेचा भाडेकरू नोंदणीकृत असेल तर कर भरण्याचा बोजा भाडेकरूवर येतो. वीस लाखांच्या जवळपास घोटाळणाऱ्यांनीं वर्षभराची एकूण जमा केव्हांहि दाखवूं शकेल असेंच साधन घ्यावें. मार्चअखेर जागें होण्यांत अर्थ नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळावें. घर भाड्यानें देणारास वास्तविक दोन हिशेब ठेवावे लागतात : एक कराचा आणि दुसरा खरा. ते एक नव्हेत, आणि बहुतेक सॉफ्टवेअरें ते एकच आहेत असें समजून चालतात.

आपल्या आयकर कायद्यांत घरापासूनच्या उत्पन्नाची रीत फार जुनी व फार सोपी आहे. मिळालेल्या भाड्यांतून मालकानें त्या वर्षांत प्रत्यक्ष भरलेला महापालिकेचा कर वजा करावा. उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट सूट मिळते. गृहकर्ज असल्यास व्याजाची वजावट निराळी. बस्स. मग दुरुस्तीला एक रुपया लागो कीं एक लाख, सूट तीच. यंत्रसामग्रीवर मिळते तशी घसाऱ्याची वजावट येथें नाहीं. १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून अंमलांत आला. कलमांचे क्रमांक बदलले, पण ही ३० टक्क्यांची रीत टिकून राहिली. अमेरिकेंत नेमकें उलट आहे. तेथें प्रत्येक खर्च 'शेड्यूल ई' नांवाच्या पत्रकावर वेगवेगळ्या ओळींत दाखवितात आणि राहत्या घराच्या इमारतीची किंमत साडेसत्तावीस वर्षांत घसाऱ्यापोटीं वजा करतात. स्टेसा, बिल्डियम अशीं तिकडचीं खास घरमालकांसाठीं रचलेलीं सॉफ्टवेअरें आहेत आणि तीं तिकडे उत्तम चालतात. कोणी पुतण्या न्यू जर्सीहून त्यांची शिफारस करतो आणि काका पुण्यांत तीं उघडून बसतात. मग पत्रकें सुंदर निघतात, पण त्यांतील एकहि ओळ आपल्या करसल्लागाराच्या उपयोगीं पडत नाहीं. न्यू जर्सींत ज्याचीं स्वतःचीं घरें भाड्यानें दिलेलीं असतील त्या मराठी गृहस्थानें मात्र तींच घ्यावींत. तेथें टॅली घेऊन बसणें तितकेंच विपरीत होईल.

खरा हिशेब कसा निराळा पडतो तें एका सदनिकेवरून पाहावें. कोथरूडची ही सदनिका, भाडें महिना ३०,०००. एक महिना ती रिकामी राहिली, म्हणून वर्षाचें भाडें ३,३०,००० आलें. महापालिकेचा कर १८,००० भरला. बाकी ३,१२,०००. तिच्या ३० टक्के म्हणजे ९३,६०० सूट. करपात्र उत्पन्न २,१८,४००. हा झाला कराचा हिशेब. आतां खिशाचा. सोसायटीची वर्गणी महिना ४,००० प्रमाणें ४८,०००. नवा भाडेकरू आणून देणाऱ्या दलालाचे ३०,०००. रंगरंगोटीचे २५,०००. महापालिकेचे तेच १८,०००. हातीं उरले २,०९,०००. म्हणजे जेवढें हातीं आलें त्याहून अधिक रकमेवर कर भरावयाचा! सदनिकेची आजची किंमत नव्वद लाख धरली तर कर देण्यापूर्वींचें हें उत्पन्न शेंकडा सव्वादोनाच्या थोडें वर पडतें. बँकेंतील मुदतठेवीचे दर ज्यांना ठाऊक आहेत त्यांना याहून अधिक कांहीं सांगण्याची गरज नाहीं.

हें गणित दोघां भावांनीं कधीं मांडलेंच नव्हतें. सर्व भाडीं एका खात्यांत येत असल्यामुळें सगळी मिळकत सारखीच चालली आहे, असें त्यांना वाटे. प्रत्यक्षांत दुकान इतर तिन्ही सदनिकांना पोसत होतें आणि हडपसरची सदनिका तर दर दीड वर्षानें रिकामी पडून, दलाली व रंगकाम यांतच आपलें भाडें खात होती. म्हणून प्रत्येक मिळकतीचा जमाखर्च स्वतंत्र दिसला पाहिजे, ही निवडीची दुसरी कसोटी. टॅलींत यासाठीं 'कॉस्ट सेंटर' नांवाची सोय आहे; प्रत्येक घराला एक नांव देऊन दर नोंदीस तें जोडावयाचें. झोहो बुक्समध्यें हेंच काम 'टॅग' लावून होतें. ही सोय दोन्हींकडे आहे. पण ती आपोआप होत नाहीं. नोंद करणारानें घराचें नांव जोडलेंच नाहीं तर यंत्र बिचारें काय करणार? महापालिकेच्या दोन घरांच्या कराचा एकच भरणा असेल तर तो फोडून दोन घरांवर टाकण्याचा कंटाळा हाच या कामांतला मोठा शत्रु आहे.

सॉफ्टवेअरांची नांवें निघालीं आहेत तर त्यांचें कूळ थोडें सांगणें अस्थानीं होणार नाहीं. श्यामसुंदर गोयंका हे दक्षिणेंतील कापड गिरण्यांना सुटे भाग वगैरे पुरविणारे उद्योजक. आपल्या धंद्याचा हिशेब ठेवण्याजोगें सॉफ्टवेअर त्यांना बाजारांत मिळेना, तेव्हां त्यांनीं गणित शिकलेल्या आपल्या मुलाला, भरत गोयंका यांना, तें लिहावयास सांगितलें. १९८६ सालीं बंगळूर येथें त्यांतून जी कंपनी निघाली तीच आजची टॅली. भरत गोयंका यांना २०२० सालीं पद्मश्री मिळाली. बापाच्या गरजेनें मुलाकडून करून घेतलेलें हें काम असल्यामुळें कीं काय, तें आपल्या मुनिमांच्या हाताला चटकन बसलें. आज गांवोगांवचे हिशेबनीस टॅली शिकूनच नोकरीस लागतात, आणि तिचा वापर मराठींतूनहि करतां येतो. तिची माहिती आपल्याच घरच्या संगणकावर राहते. झोहो ही चेन्नईची कंपनी. तिचें हिशेबाचें सॉफ्टवेअर इंटरनेटवरून चालतें, माहिती कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि पुणें व नाशिक या दोन्ही ठिकाणांहून एकाच वेळीं तीच वही उघडतां येते. याखेरीज ग्नूकॅश हें फुकट मिळणारें, दुहेरी नोंदीचें चांगलें साधन आहे. त्याला आपल्या करांची ओळख मात्र नाहीं. आणि ज्याच्याजवळ एकच सदनिका आहे त्यानें यांपैकीं कांहींहि घेऊं नये. एक्सेलचें एक पान त्याला पुरे आहे.

या बाजारांत कंपन्या येतात तशा जातातहि. क्विकबुक्स हें जगभर नांवाजलेलें अमेरिकन सॉफ्टवेअर. त्याच्या चालकांनीं २०२३ सालीं भारतांतील सेवा बंद केली. तोंवर त्यावर वह्या ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांना आपली माहिती काढून घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड हलवावें लागलें. म्हणून पहिल्याच आठवड्यांत, चार नोंदी करून झाल्या कीं, सर्व माहिती साध्या तक्त्याच्या रूपानें बाहेर काढून पाहावी. ती निघत नसेल, किंवा निघूनहि वाचतां येत नसेल, तर घर घेण्यापूर्वींच त्याला मागचें दार नाहीं हें कळलें असें समजावें.

पुतणीनें जी परीक्षा घेतली ती मोठी शहाणपणाची होती. विक्रेत्यांचीं माहितीपत्रकें तिनें बाजूस ठेवलीं. गेल्या तिमाहींतील प्रत्यक्ष घडलेले सहा व्यवहार तिनें निवडले : कर कापून आलेलें दुकानाचें भाडें, नव्या भाडेकरूची अनामत, महिन्याच्या मध्यावर राहावयास आलेल्या बिऱ्हाडाचें अर्धें भाडें, तेंहि यूपीआयनें तीन हप्त्यांत आलेलें, रंगाऱ्यास रोख दिलेले पैसे, दोन घरांचा एकत्र भरलेला महापालिकेचा कर, आणि नूतनीकरणानंतर पांच टक्क्यांनीं वाढलेलें भाडें. हे सहा व्यवहार तिनें एक्सेलमध्यें, टॅलींत आणि झोहोंत असे तीन वेळां लिहिले आणि काकांना शेजारीं बसविलें. एक्सेलमध्यें सर्व कांहीं झालें. पण तिसऱ्या दिवशीं काकांच्या हातून एक ओळ पुसली गेली आणि ती पुसली गेल्याचें कोणाच्या ध्यानींहि आलें नाहीं.

त्या पुसलेल्या ओळीवर काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वहींत असें झालें नसतें. खोडलेलें दिसलें असतें."

"तेंच पाहावयाचें आहे, काका," ती म्हणाली.

कंपन्यांसाठीं सरकारनें १ एप्रिल २०२३ पासून नियम केला आहे कीं, त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्यें प्रत्येक फेरफाराची नोंद तारखेसह राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करतां येऊं नये. मुळांतला आंकडा काय होता, तो कोणी बदलला, केव्हां बदलला, हें सर्व मागें उरतें. टॅलीनें त्यासाठीं 'एडिट लॉग' आणला. झोहोमध्येंहि फेरफारांचा माग राहतो. व्यक्तिशः घरें बाळगणारांना हा नियम लागू नाहीं, आणि म्हणून पुष्कळ सल्लागार ही सोय अनावश्यक म्हणून सोडून देतात. हें बरोबर नाहीं. दोघांच्या सामायिक मिळकतींत, एकानें पाहावें आणि दुसऱ्यानें विश्वास ठेवावा अशी जेथें व्यवस्था आहे, तेथें हीच सोय बाकी सर्व सोयींहून मोलाची. शाईनें लिहिलेल्या वहीचा जो गुण होता तो यंत्रांत याच एका ठिकाणीं परत सांपडतो.

निवड करण्यापूर्वीं आणखी एक काम उरलें होतें, आणि तेंच सर्वांत कठीण. नव्या हिशेबांत प्रत्येक घराची मूळ किंमत काय घालावयाची? घर वारशानें आलेलें असलें तरी पुढें तें विकतांना मूळ मालकाची खरेदी-किंमत हीच भांडवली नफ्याच्या हिशेबांत धरतात. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, महागाईची जोड न देतां. परंतु त्या तारखेपूर्वीं घेतलेल्या घर-जमिनींबाबत येथील रहिवासी व्यक्तीला महागाईची जोड देऊन वीस टक्क्यांनीं हिशेब करून पाहण्याची आणि ज्यांत कर कमी पडेल तो भरण्याची मुभा आहे. दोन्ही रीतींना मूळ किंमत हवीच. तिच्यांत मुद्रांक शुल्क, नोंदणीचा खर्च, आणि मागाहून केलेली कायमची सुधारणा हीं सर्व येतात. नुसती डागडुजी येत नाहीं. म्हणून रंगकाम एका खात्यांत आणि नवी वाढवलेली खोली दुसऱ्या खात्यांत, हा भेद पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो. वीस वर्षांनंतर तो आठवून लिहितां येत नाहीं.

खरेदीखतें कपाटांत होतीं. सुधारणांचा पत्ता कोणालाच नव्हता. थोरल्यांच्या पत्नीला माळ्यावरच्या ट्रंकेची आठवण झाली. तींत वडिलांच्या सात वह्या निघाल्या. २००४ सालच्या वहींत कोथरूडच्या सदनिकेची किंमत, मुद्रांक, नोंदणी, वकिलाची फी, एवढेंच नव्हे तर नोंदणी कचेरींत जाण्यायेण्याचें रिक्षाभाडेंहि लिहिलेलें होतें. दुकानांत २०११ सालीं घातलेल्या पोटमाळ्याचा खर्च बिलाच्या क्रमांकासह होता. बिल त्याच पानाला टाचलेलें. प्रत्येक घराला स्वतंत्र पान. आणि प्रत्येक वहीच्या शेवटीं, लाल शाईनें अधोरेखित केलेलें एक पान 'लोकांचे पैसे' या मथळ्याचें. त्यावर भाडेकरूंच्या अनामती, नांवनिशीवार, आणि त्यांच्यापोटीं बँकेंत तेवढ्याच रकमेच्या मुदतठेवींचे क्रमांक.

थोरल्यांनीं तें पान धाकट्यांस फोनवरून वाचून दाखविलें. दोन महिन्यांतलें तें पहिलें बोलणें.

पुतणीनें खात्यांची यादी करण्यासाठीं मग सॉफ्टवेअरमधील तयार नमुना वापरला नाहीं. आजोबांच्या वहींतील मथळे जसेच्या तसे घेतले. देण्याच्या बाजूला 'लोकांचे पैसे' हेंहि खातें त्याच नांवानें उघडलें. करसल्लागार हंसले, पण त्यांनीं तें बदलावयास सांगितलें नाहीं. भावांनीं झोहो पसंत केलें, कारण नाशिकहून रोज पाहतां येणें ही त्यांची मुख्य गरज होती. दोघेहि एकाच गांवीं असते आणि करसल्लागाराचा कारकून महिन्यांतून एकदां येऊन नोंदी करणार असता, तर टॅलीच अधिक सोयीची पडली असती. दोघां भावांना आणि करसल्लागाराला वेगवेगळे प्रवेश-शब्द देण्यांत आले. एकाच प्रवेश-शब्दानें सर्वांनीं आंत जाण्याची जी वाईट खोड आपल्याकडे आहे, तिनें फेरफारांच्या नोंदीचा सगळा उपयोगच मातींत जातो. थोरल्यांची एक अट होती : दर महिन्याच्या शेवटीं माहितीची एक प्रत घरच्या संगणकावर उतरवावी आणि खतावणी कागदावर छापून ठेवावी. ती मान्य झाली.

सहा लाखांची अनामत दोघांनीं आपापल्या हिश्शांतून, व्याजासह, भाडेकरूला परत केली. तफावतीच्या वर्षांचीं विवरणें, जेवढ्यांची मुदत उरली होती तेवढीं, सुधारून भरण्यांत आलीं. त्यांतील कर भरावा लागलाच, पण कापला गेलेला कर वळता झाल्यानें भार बराच हलका झाला. हडपसरची सदनिका विकावी कीं ठेवावी याचा निकाल अजून लागलेला नाहीं. धाकटे म्हणतात विकावी. थोरले म्हणतात आणखी एक वर्षाचे आंकडे पाहावे. नव्या भाडेकरूची अनामत आली त्या दिवशींच तेवढ्या रकमेची मुदतठेव झाली, तिचा क्रमांक 'लोकांचे पैसे' या खात्यांत चढला, आणि रात्रीं नाशिकहून फोन आला कीं, क्रमांकांतला एक आंकडा चुकला आहे. थोरल्यांनीं तो दुरुस्त केला. जुना आंकडा, नवा आंकडा, तारीख आणि वेळ, सर्व बाजूला नोंदलें गेलें होतें.